दोर आधी, बटण मागाहून

बाईंनी इतक्या वर्षांत मला एकदाच दहापैकी दहा मार्क दिले, आणि तेही चहाला. माझ्या मापांना, माझ्या जोडणीला, माझ्या रंगकामाला त्या नऊच्या वर कधी गेल्या नाहीत. "दहा म्हणजे पुढं शिकायचं काही उरलं नाही. तुला उरलंय," असं त्यांचं ठरलेलं उत्तर. चहाच्या बाबतीत मात्र माझं शिक्षण पूर्ण झालं, असं त्यांचं मत पडलं असावं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोकणात रेल्वे अजून यायची होती आणि मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत निम्मे प्लॉट रिकामे होते. त्यात बाईंची फॅब्रिकेशनची शेड. गेटं, खिडक्यांच्या ग्रिल, बर्फाच्या कारखान्यांच्या टाक्या, आंब्याच्या बागवाल्यांचे पत्र्याचे मांडव, जे येईल ते आम्ही करायचो. मी तिथं सुपरवायझर होतो. म्हणजे बाईंच्या यजमानांनी मला नेमलं तेव्हा हाच शब्द वापरला होता. बाई आल्या आणि पहिल्याच दिवशी माझा 'मॉनिटर' झाला. तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

बाई त्याआधी शहरातल्या एका हायस्कुलात गणित आणि शास्त्र शिकवायच्या. यजमान अचानक गेले, तेव्हा नातेवाइकांनी शेडसाठी गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शेडच्या दारात उभ्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात यजमानांचे चामड्याचे बूट, हातात डबा आणि डब्यावर खडूची पेटी. आम्ही हातातलं टाकून उभे राहिलो. "बसा," बाई म्हणाल्या. आता वेल्डिंगच्या शेडमध्ये बसायचं कुठं? तरी आम्ही बसलो. कोणी पत्र्यावर, कोणी सिलिंडरवर. सिलिंडरवर बसलेल्याला त्यांनी पहिल्यांदा उठवलं.

दुसऱ्या दिवसापासून पेपर तपासणी सुरू झाली. केलेल्या प्रत्येक जोडावर बाई लाल खडूनं खूण करायच्या. बरोबर असेल तर बरोबरची, नसेल तर फुली, आणि फुलीच्या शेजारी "पुन्हा लिही." आमचा वेल्डर घाटावरचा, रागीट गडी. तो माझ्याकडं येऊन फणफणला, "पुन्हा लिही म्हंजे काय? मी काय हितं निबंध लिहाय लागलोय व्हय?" मी त्याला म्हटलं, अरे, निबंध असता तर बरं होतं, निबंधाला ग्राइंडर लागत नाही. पण दिवाळीपर्यंत तोच वेल्डर बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहायला लागला, "बाई, एवढं तपासून द्या की." खूण मिळाली की दिवसभर शीळ घालायचा.

बाईंचा सगळ्यात जास्त राग भोकांवर होता. भोकं म्हणजे बोल्टासाठी लोखंडात पाडायची ती. लहानसहान तुकडा असेल तर तो शेडमधल्या उभ्या ड्रिलखाली ठेवता येतो. पण जो गर्डर चार माणसांना हलत नाही, तो ड्रिलखाली नेणार कसा? मग एक तर हातातलं ड्रिल मशीन छातीशी धरून रेटा द्यायचा, नाहीतर सरळ गॅस कटरनं भोक जाळून काढायचं. हातातलं ड्रिल अडकलं की माणसालाच गरकन फिरवतं. वेल्डरचं मनगट त्यात एकदा असं पिरगाळलं गेलं की त्याला पंधरवडाभर भात डाव्या हातानं खावा लागला. आणि गॅसनं पाडलेलं भोक बघितलं की बाईंच्या कपाळावर शीर उठायची. त्यात बोट घालून त्या विचारायच्या, "हे भोक आहे की उंदरानं कुरतडलेला पापड?" अशा भोकात बोल्ट कधी नीट बसत नाही, खुळखुळतो, आणि जळलेल्या कडेतून पुढं चीर जाते. हे सगळं आम्हांलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि करणं यात कोकणात बरंच अंतर असतं.

शेवटी बाईंनी जाहीर केलं, "आपण चुंबकाचं ड्रिल घेऊ." ड्रिल गर्डरकडं न्यायचं, बटण दाबायचं, बूड लोखंडाला चिकटतं, आणि मग निवांत भोक पाडायचं. आम्ही अशी मशीन फक्त मोठ्या कंपन्यांच्या कामांवर लांबून बघितली होती. ती घ्यायला बाई मुंबईला निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. एस.टी.त त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवी जड दिसत होती. मला वाटलं, मुंबईतल्या बहिणीसाठी नारळ असतील.

नागदेवीच्या गल्लीतल्या हत्यारांच्या दुकानात शेठजींनी मोठ्या उत्साहानं सगळ्यात दांडगं मशीन काढलं. त्यांच्या टेबलावर एक जाडजूड, आरशासारखी घासलेली प्लेट होती. त्यावर मशीन ठेवून बटण दाबलं आणि दोन नोकरांना ओढायला लावलं. दोघं लाल झाले, मशीन हललं नाही.

"बघितलं ना बेन? दोन माणसं लटकली तरी निघणार नाय."

"माणसं लटकवायची नाहीत," बाई म्हणाल्या. "भोकं पाडायची आहेत." आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन वस्तू काढून टेबलावर मांडल्या. आमच्या शेडमधलेच प्लेटचे तीन तुकडे. एक जाड, एक पातळ, आणि एक रंगाचे पोपडे आलेला, गंजलेला.

"आ शूं छे?" शेठजी गोंधळून आपल्या भाषेत गेले.

"प्रश्नपत्रिका," बाई म्हणाल्या.

त्या गंजलेल्या तुकड्यावर दांडगं मशीन ठेवलं, ड्रिल टेकवलं, जरा दाब दिला, आणि मशीन बूड घसरवत बाजूला सरकलं. पातळ तुकड्यावरही तेच. शेठजी म्हणाले, प्लेट खराब आहे. बाई म्हणाल्या, "आमच्याकडं अशाच असतात. दर्याची हवा आहे." मग पिशवीतून कानस काढली, तिथंच उभ्या राहून गंज आणि रंग खरवडून काढला, पातळ तुकड्याखाली जाड तुकडा सरकवला, आणि पुन्हा लावायला सांगितलं. आता पकड चांगली आली. बाईंचे डोळे चमकले. दुकानात त्या खरेदीला आल्या होत्या की प्रयोगाला, हे शेठजींना शेवटपर्यंत कळलं नाही.

मग माझी परीक्षा. "मॉनिटर, हे उचल आणि शिडीवर चढून दाखव." दुकानात माळ्याची शिडी होती. दांडगं मशीन घेऊन मी दुसऱ्या पायरीवर गेलो आणि ते नोकराच्या हातात देऊन खाली उतरलो. एकेक करून सगळी मशीनं झाली. बाईंनी निवडलं ते मधलं. मोटर लहान, पण चुंबकाचं बूड रुंद, आणि एका हाताला घेऊन दुसऱ्या हातानं शिडी धरता येईल इतकं वजन. शेठजींना राहवलं नाही. "बेन, मोटर कमी आहे हां ह्याची."

"मोटर कमी असली तर भोकाला वेळ लागेल," बाई म्हणाल्या. "पकड कमी असली तर भोक प्लेटला नाही, माणसाला पडेल. आता एक सांगा, भोक चाललं असताना लाइट गेली तर?"

"मुंबईत लाइट नाय जात."

"आमच्याकडं ती येते कधी, तेच विचारावं लागतं."

शेठजी हसले आणि बिल लिहायला लागले. उत्तर आमच्या शेडमध्येच होतं. हसनचाचा पूर्णगडच्या बाजूचे, उमर जहाजांवर खलाशी म्हणून गेलेली, आता आमच्याकडं जड सामान उचलणं-चढवणं त्यांच्याकडं. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली, ते गर्डरला चिकटवून बघितलं आणि म्हणाले, "ह्या तर कालव हाय." खडकाला चिकटलेलं कालव हत्याराशिवाय निघत नाही, तसं. त्या दिवसापासून मशीनचं नाव कालव पडलं. मग चाचांनी विचारलं, "लाईट गेली तर सुटतां?" सुटतं, बाई म्हणाल्या. चुंबक विजेचंच. "मंग बांधा. आमच्यात म्हनतात, खुदावर भरवसा ठेव, पन होडी बांधून ठेव."

त्यांनी मशीनला जहाजी गाठ मारून दोर बांधला आणि दुसरं टोक वरच्या तुळईला. बाईंनी शेडमध्ये टांगलेल्या फळ्यावर लिहिलं, "दोर आधी, बटण मागाहून", आणि आम्हां सगळ्यांकडून ते मोठ्यानं म्हणून घेतलं. मिशीवाले गडी शाळकरी सुरात म्हणत होते. शेजारच्या प्लॉटवरचे लोक कुंपणाशी येऊन बघत होते. मला लाज वाटत होती. मग वेल्डरनं उभ्या गर्डरवर पहिलं भोक सुरू केलं. बाई हळूच भिंतीकडं गेल्या आणि काही न सांगता त्यांनी मेन स्विच खाली ओढला. कालव सुटलं, वेल्डर किंचाळून मागं उडाला, आणि मशीन दोराला लोंबकळत राहिलं.

"आता पाठ झालं?" बाईंनी विचारलं.

आमचं झालं. वेल्डरचं तर असं झालं की त्यानंतर घरी पंखा लावतानासुद्धा तो आधी वर बघायचा.

कालवाचे नियम वाढत गेले. चुंबक बसायची जागा चकचकीत होईपर्यंत घासायची. प्लेट पातळ असेल तर तिच्या मागून एक जाड तुकडा लावायचा. त्या तुकड्याला बाईंनी नाव दिलं पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ना, तशी. "पातळ प्लेट एकटी पाठवू नका रे," त्या ओरडायच्या. ड्रिलवर झारीनं थेंब थेंब तेल सोडायचं, आणि भोकातून शेवेसारखी लांब तार निघाली पाहिजे. भुगा निघाला की ड्रिलला धार नाही, थांबा. मशीनजवळ कोणी घड्याळ घालून जायचं नाही, हा नियम मात्र उशिरा आला. तोवर बाईंच्या स्वतःच्या घड्याळाला चुंबक लागला होता आणि ते पुढं पळत होतं. कित्येक दिवस आम्ही सगळे उशिरा येतो म्हणून बोलणी खात होतो. दुरुस्तीवाल्यानं दोष सांगितला तेव्हा बाईंनी आमची माफी मागितली नाही. "लवकर यायची सवय लागली, ती चांगलीच आहे," म्हणाल्या.

असं सगळं मजेत चाललं होतं, तोवर साकवाचं काम आलं.

पूर्णगडच्या अलीकडं एका पऱ्यापलीकडं एक वाडी आहे. पऱ्या म्हणजे ओढा, पण हा खाडीला मिळतो तिथं रुंद होतो, भरतीचं पाणी आत येतं आणि पावसात तर नाव घालायचीही सोय नसते. वाडीतल्या माणसांना पायी ये-जा करायला लोखंडी साकव, म्हणजे छोटा पूल, व्हायचा होता. दोन्ही काठांचे चिऱ्याचे खांब बांधून वर्ष झालं होतं, पण लोखंडाचं काम कोणी घेत नव्हतं, कारण तिथवर ट्रक जात नाही. बाई जागा बघायला गेल्या. देवळात माणसं जमली. एक म्हातारी पुढं होऊन म्हणाली, "आमची पोरां मिरग लागला का घरी बसतात, ती गनपती झाल्यावरच शाळंत जातात. तवर सगला इसरतात. मंग मास्तर नापास करतो. दोनदा नापास झाला, का बापूस म्हनतो, चल मुंबईला."

बाई ऐकत राहिल्या. मग उठून देवळाच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलावं तशा म्हणाल्या, "या पावसात तुमची पोरं शाळेत बसतील. नाही बसली, तर मी माझ्या शेडला कुलूप लावीन."

मी तिथंच हिशेब करायला लागलो. मनात म्हटलं, बाई, कुलूप तुमचं, पण आतला संसार आमचा आहे हो. परत येताना मी तसं बोलूनही दाखवलं. "मग चांगलं काम कर," एवढंच उत्तर मिळालं. आणि त्या बोलतात तसं करतात, हे मला पुरतं ठाऊक होतं.

गर्डर शेडमध्ये तयार झाले. दोन लांब गर्डर, मधून जोडणारे आडवे. सगळी भोकं शेडमध्येच पाडून ठेवली. आडवे सगळीकडं सारख्या अंतरावर नव्हते. एका टोकाला चढ होता आणि तिथं माणसं डोक्यावरच्या टोपल्या टेकवणार, म्हणून तिकडं ते जवळजवळ. त्यामुळं कुठलं टोक कुठं जायचं हे पक्कं हवं. बाईंनी स्वतःच्या हातानं प्रत्येक गर्डरच्या एका टोकाला खडूनं लिहिलं 'दर्या' आणि दुसऱ्याला 'डोंगर'. आमच्याकडं दिशा अशाच सांगतात. पूर्व-पश्चिम कोण म्हणतो? एका अंगाला समुद्र, त्याच्या समोर डोंगर, जन्मापासून हे असंच.

चढवायची रीत हसनचाचांची. दोन होड्या फळ्यांनी एकत्र बांधायच्या, त्यावर गर्डर आडवा टाकायचा, आणि अमावास्येच्या उधाणाच्या भरतीला पऱ्यात शिरायचं. पाणी इतकं चढतं की गर्डर खांबांच्या माथ्यावर येतो. मग नुसतं थांबायचं. ओहोटी लागली की होड्या खाली जातात आणि गर्डर खांबांवर बसतो. पहिला गर्डर असा बसला तेव्हा बाई टाळ्या वाजवत होत्या. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला दुसरा. त्या दिवशी चाचा होडीच्या दोरांवर होते आणि टोकं फिरवायचं काम वाडीतल्या गड्यांनी केलं. तोही बसला. उधाण संपलं.

पहिला आडवा लावायला घेतला, आणि तो एका बाजूला भोकात बरोबर बसला, दुसऱ्या बाजूला भोकच नाही. पुढचं भोक वीतभर लांब. दुसरा आडवा, तेच. चाचांनी दोन्ही गर्डरांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "बाई, ह्यो उलटा बसला."

वाडीतले गडी उसळले. "उलटा कसा? ह्या बगा, डोंगर लिवलाय. आनि ह्यो काय डोंगर!" त्यांनी बोट दाखवलं ते पूर्णगडच्या किल्ल्याच्या टेकडीकडं. आणि गड आहे समुद्राच्या काठावर. जन्मभर या माणसांना डोंगर म्हणजे तीच टेकडी, कारण त्यांच्या दारातून तीच दिसते. पहिल्या दिवशी चाचांनी 'दर्या' वाचून टोक समुद्राकडं ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गड्यांनी 'डोंगर' वाचून टोक त्याच अंगाला ठेवलं. दोघंही लिहिल्याप्रमाणंच वागले होते.

बाईंनी टेकडी बघितली. समुद्र बघितला. मग मला विचारलं, "अक्षर कोणाचं?"

"तुमचं, बाई."

"मग शून्य," त्या म्हणाल्या, आणि लाल खडूनं गर्डरवर भलं मोठं शून्य काढलं.

गर्डर फिरवायचा तर पुन्हा उधाण हवं, म्हणजे पौर्णिमा. चाचांनी मान हलवली. तोवर वारं फिरलेलं असेल, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतील. वेल्डर म्हणाला, गॅस आहे, सांजच्याला सगळी भोकं जाळून देतो. सगळ्यांना ते पटलं होतं, मलासुद्धा. पाण्यावर लटकून दुसरं काय करणार? बाई म्हणाल्या, "या साकवावरून पोरं जाणार आहेत. मॉनिटर, शेडमध्ये जा आणि कालव घेऊन ये."

पुढचे दिवस मी विसरूच शकत नाही. गर्डरला दोरांनी एक फळी टांगली, झोपाळ्यासारखी. खाली पऱ्याचं पाणी. वाडीतल्या शेवटच्या घरातून बांबूंवरून वायर आणली. गर्डरची उभी पट्टी पातळ, म्हणून मागून पाठराखीण धरायला दुसऱ्या फळीवर चाचा. मी फळीवर उतरणार, तेवढ्यात बाईंनी मला बाजूला केलं. पातळाचा काष्टा मारलेला, पायात तेच बूट. "चूक माझी, पहिलं भोक माझं." काठावरच्या बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या. बाई फळीवर बसल्या, रंग घासला, दोर बांधला, दोनदा ओढून बघितला, मग बटण. तार लांब निघाली, वळत वळत पाण्यात पडली. भोक आरपार झालं तेव्हा त्यांनी त्यातून एक डोळा लावून काठावर बघितलं आणि हात हलवला. बायकांनीही हात हलवले.

पण दुपारी कालव घसरायला लागलं. तेच लोखंड, तेवढंच घासलेलं, आणि पकड नाही. बाईंनी कान टवकारले. लांबून गिरणीचा आवाज येत होता. वाडीची भाताची गिरण सुरू झाली की वीज मंदावते, आणि वीज मंदावली की चुंबक ढिला. बाई गिरणीवर गेल्या. गिरणवाला म्हणाला, "मी काय धंदा बंद ठेवू? पावसाची बेगमी करतात लोका." बाईंना उत्तर द्यावं लागलं नाही. रांगेतली ती देवळातली म्हातारी उठली, आपली भाताची टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "आमी दुपारचा भात आनतच नाय. बग, काय दलतोस ता." एकेक करून सगळ्या बायका टोपल्या घेऊन घरी गेल्या. गिरणवाला रिकाम्या गिरणीत बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून काठावर येऊन वायरचे बांबू धरू लागला.

आणि मग एकदा, भोक निम्म्यावर असताना, लाइट गेली. मी हँडलवर सगळा भार देऊन बसलो होतो. मशीन हातातून निसटलं, ड्रिलचा तुकडा पडला, मी फळीवर पालथा झालो, आणि तोंडातून कसलासा आवाज निघाला. खाली बघितलं तर कालव माझ्या पायांखाली, पाण्याच्या वर, दोराला झोके घेत होतं.

"मॉनिटर," बाईंचा आवाज आला, "दोर आधी बांधला होतास?"

"हो, बाई."

"मग ओरडलास कशाला?"

सगळा काठ हसला. मीही हसलो, पण फळीवरचे हात काढले नाहीत. चाचांनी दोर हळूहळू वर घेतला आणि गाठीवरून अंगठा फिरवला.

शेवटचं भोक पडलं तेव्हा समुद्रावर ढग होते. आडवे चढले, बोल्ट नुसत्या हातानं आत गेले. हातोडा लागला नाही. बांधकाम खात्याचे ओव्हरसीअर तपासायला आले. त्यांनी प्रत्येक भोकात बोट घातलं, एकही कड जळलेली नाही हे बघून ते खूश झाले, आणि म्हणाले, जुनी चुकलेली भोकंही बोल्टांनी बुजवून टाका, पाणी साचायला नको. म्हणून त्या साकवाच्या एका बाजूला बोल्टांची जादा रांग आहे. ती काहीच धरत नाही. बाईंनी तिला रंगही वेगळा दिला. कोणी विचारलं, तर सांगायच्या, "त्या माझ्या चुका आहेत. दिसू देत." शेडमध्ये त्यानंतर दर्या-डोंगर बंद झाले आणि टोकांवर पंच नावाच्या टोकदार हत्यारानं ठिपके मारायची पद्धत आली.

श्रावणात बाई म्हणाल्या, बोल्ट सैल झालेत का बघून येऊ. मला माहीत होतं, सैल झालेले नाहीत. तरी गेलो. पऱ्या लाल पाण्यानं दुथडी भरून चालला होता. आणि साकवावरून पोरं येत होती. कोणी इरलं घेतलेलं, कोणी गोणपाटाची खोळ, एकाच छत्रीत तिघं. बाई बाजूला उभ्या राहिल्या आणि सगळी पार होईपर्यंत हलल्या नाहीत. मग पोरांच्या मागोमाग शाळेत गेल्या. गुरुजी दारातच भेटले, वैतागलेले. "बाई, तुम्ही साकव बांधलात, पण आता यांना बसवू कुठं? खोली पुरत नाही."

बाईंनी त्यांच्या हातातला हजेरीपट घेतला आणि वर्गासमोर उभ्या राहिल्या. एकेक नाव. हजर. हजर. हजर. मी खिडकीशी उभा होतो. शेवटच्या नावापर्यंत एकही जागा गप्प राहिली नाही. बाईंनी पट पुन्हा पहिल्या पानाला उघडला.

"बाई, झाली की हजेरी," गुरुजी म्हणाले.

"झाली. मला परत ऐकायची आहे," बाई म्हणाल्या, आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला पोरं आणखी मोठ्यानं ओरडली.